पत्र पोचलं का?

पोस्टाच्या लाल पेटीत कार्ड टाकलं की माणूस घरी जातो. आमचे सचिव जात नसत. पेटीशेजारच्या कडुनिंबाखाली ते उभे राहत, पोस्टाचा माणूस पिशवी घेऊन येईपर्यंत. त्याने कुलूप काढलं, पत्रं पिशवीत ओतली, की हे मान पुढे करून विचारत, "माह्यं कार्ड पडलं नं जी त्याच्यात? पिवळं हाये, निळ्या शाईचं." सगळीच कार्डं पिवळी आणि बहुतेकांची शाई निळी. पोस्टाचा माणूस आधी हसायचा, मग वैतागायचा, पुढे पुढे तर न विचारताच सांगायला लागला, "पडलं काकाजी, जा आता घरी." तरी पिशवी सायकलला बांधली जाईपर्यंत ते हलत नसत.

सगळा गाव त्यांना काकाजी म्हणायचा. १९७०च्या पुढची दहा-बारा वर्षं ते भंडारा जिल्ह्याच्या क्रिकेट समितीचे सचिव होते. समिती म्हणजे कागदावर अकरा माणसं. अध्यक्ष राइस मिलचे मालक. त्यांच्याकडे जीप होती आणि संघ न्यायला जीप लागायची, म्हणून ते अध्यक्ष. बाकीचे सभासद वार्षिक फोटोला यायचे. उरलेलं सगळं, म्हणजे पत्रं, फॉर्म, पंच, मॅटिंग, जेवण, चेंडू आणि काळजी, काकाजींकडे.

काळजी तर इतकी, की बाकीच्यांना करायला काही उरतच नसे.

घर विणकरांचं. घरात चार माग. भाऊ मागावर बसायचा आणि काकाजी सूत आणायचे, लुगडी बाजाराला न्यायचे. अंगाने काटकुळे, पांढरा सदरा, पायजमा, काळी टोपी. बॅट त्यांनी आयुष्यात हातात घेतली नव्हती. सुताच्या खरेदीला नागपूरला गेले असताना मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून त्यांनी एक अख्खा सामना पाहिला होता. कोण खेळत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आवडलं ते एवढंच, की टेबलापाशी बसलेला एक माणूस प्रत्येक चेंडू वहीत लिहीत होता. "एकही सुटला नाही, बाई," ते मला सांगायचे. "खेळणारे घरी गेले, पण त्यांनं काय काय केलं, ते लिहून राहिलं."

मी त्यांच्या आयुष्यात आले ती टाइपरायटरमुळे. वडिलांच्या पश्चात त्यांचा टायपिंगचा क्लास मी चालवत होते. जुन्या बसस्टँडच्या वाटेवर दोन खोल्या, सहा मशिनी. एके दिवशी काकाजी कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभे राहिले. नागपूरच्या क्रिकेट संघटनेला पाठवायचं पत्र इंग्रजीत टाइप करून हवं होतं. मी टाइप करत होते आणि ते माझ्या खांद्यामागे उभे राहून एकेक अक्षर पाहत होते.

"बसा नं काकाजी."

"बसतो. पण शब्द चुकला तं नागपूरवाले म्हणतील, भंडाऱ्याचे लोक अडाणी हायेत."

बसले नाहीत. पत्र झालं, त्यांनी ते तीनदा वाचलं, आणि मग म्हणाले, "आणखी दोन प्रती द्या. एक हरवली तं दुसरी, दुसरी हरवली तं तिसरी."

तेव्हापासून समितीची कचेरी म्हणजे माझी मागची खोली झाली, आणि स्कोअर लिहिणारा एकदा आला नाही म्हणून स्कोअरची वहीही माझ्याकडे आली. बाई स्कोअर लिहिते हे पाहायला पहिल्या वर्षी सामन्यापेक्षा जास्त माणसं माझ्या टेबलाभोवती जमायची. काकाजी त्यांना हाकलायचे. "तिचा एक चेंडू सुटला तं जबाबदार कोण?"

सगळा कारभार पत्रांवर चालायचा. पावसाळा सरता सरता नागपूरहून परिपत्रक यायचं. आंतरजिल्हा स्पर्धेत जिल्ह्याने संघ पाठवायचा असेल तर जिल्ह्यात आधी साखळी सामने झाले पाहिजेत, त्यात किमान सहा संघ पाहिजेत, प्रत्येक खेळाडूचा फॉर्म ठरल्या दिवसाच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर जिल्ह्याची मान्यता जाईल. हे शेवटचं वाक्य दर वर्षी तेच असायचं आणि दर वर्षी काकाजी ते वाचून पाणी मागायचे.

मग त्यांची पळापळ सुरू व्हायची. गावच्या कॅप्टनला सूचना पाठवायची तर तीच सूचना ते तीनदा पाठवत. एक पोस्टाने, एक एसटीच्या कंडक्टरकडे, एक त्या गावाहून बाजाराला आलेल्या माणसाच्या हाती. नाकाडोंगरीच्या खाणीवरच्या संघाचा कॅप्टन मिश्कील होता. त्याने एकदा उलट कार्ड पाठवलं, 'तिन्ही पोचले. मॅच मात्र आम्ही एकच खेळू.' काकाजींना त्यात विनोद दिसला नाही. ते कार्ड त्यांनी फायलीला लावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोचलं म्हणजे बरं झालं."

सामन्याच्या दिवशी पहाटे उठून ते मैदानावर गुडघे टेकून बसलेले असत. काथ्याची मॅटिंग जुनी, जागोजागी उसवलेली. मोठी सुई आणि सुतळी घेऊन ते ती शिवायचे, आणि त्यांचा टाका इतका सपाट असायचा की चेंडू त्यावर पडून कधी वेडावाकडा उडाला नाही. शिवता शिवता आभाळाकडे बघायचे, रस्त्याकडे बघायचे. पाहुणा संघ दिसला की डोकी मोजायचे. दहाच मोजली गेली तर त्यांचा चेहरा उतरायचा, आणि अकरावा झाडामागून लघवी करून आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

गावोगावी खेळ पोचवायचा म्हणून ते बसने हिंडत. धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, स्टंप रोवत आणि नियम सांगत. एका गावी पायचीत समजावून सांगताना एका म्हाताऱ्याने विचारलं, "दांड्यायले लागलं तं बाद, पायाले लागलं तरी बाद, मंग मानसानं उभं राहावं कायले?" लोक हसले. काकाजींनी प्रश्न कागदावर उतरवून घेतला. परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, "प्रश्न बरोबर हाये, बाई. मले उत्तर आलं नाही. नागपूरले लिहून विचारू का?"

"नका विचारू, काकाजी," मी म्हणाले.

तेवढं एक पत्र मी अडवलं. बपेऱ्याचं अडवता आलं नाही.

बपेरा मध्यप्रदेशच्या सीमेवर. मधे नदी. तिथल्या संघातले चार-पाच जण नदीपलीकडचे, म्हणजे दुसऱ्या राज्याचे. वर्षानुवर्षं खेळत होते, कोणी विचारलं नव्हतं. काकाजींच्या मनात एकदा शंका शिरली, की हे नियमात बसतं का? त्यांनी त्या संघातल्या एकाला खोदून खोदून विचारलं, "तू राहतं कोठं, सांग खरं."

तो म्हणाला, "झोपतो इकडं, जेवतो तिकडं."

"आणि रेशनकार्ड?"

"बायकोच्या पेटीत."

काकाजींना दोन दिवस चैन पडेना. शेवटी त्यांनी नागपूरला पत्र लिहून विचारलंच. मी सांगत होते, चाललंय ते चालू द्या. ते म्हणाले, "उद्या कोणी तक्रार केली तं?" तक्रार कोणी केली नाही. उत्तर मात्र आलं. नदीपलीकडचे खेळाडू चालणार नाहीत. बपेऱ्याचा संघ मोडला.

१९७८ किंवा ७९ची गोष्ट. आता संघ उरले पाच. भंडाऱ्याचे दोन, गोंदिया, तुमसर आणि नाकाडोंगरी. सहावा हवा होता. डिसेंबर लागला होता, फॉर्म पोचायला दहा-बारा दिवस होते.

"करडी आहे नं," मी म्हटलं.

करडीचा संघ मी आल्यापासून कधी आला नव्हता. त्यांचा कॅप्टन किपर होता, चांगला होता असं मी ऐकलं होतं. काकाजींनी करडीला कार्डं पाठवली, तीनही वाटांनी. उत्तर आलं, 'धानाची चुरणी चालू आहे. यंदा जमत नाही.' धान चुरायचं म्हणजे खळ्यावर बैल फिरवून मळणी करायची, ती सुरू असली की गडीमाणसं मोकळी नसतात हे खरं. पण नाकाडोंगरीला, तुमसरला अशी उत्तरं आली की काकाजी स्वतः बसने जाऊन माणसांना तयार करून यायचे. करडीला ते निघेनात.

मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या देखत ते करडीला एकदाही गेले नव्हते.

"जाऊन येऊ नं, काकाजी. मीही येते."

"तुम्हीच जा, बाई."

"मला तिथं कोण ओळखतं? सचिव तुम्ही."

ते टोपी काढून हातात फिरवत बसले. 

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, नागपूरच्या संघटनेने प्रांताच्या संघासाठी चाचणी ठेवली होती आणि करडीच्या त्या किपरला बोलावलं होतं. आपल्या जिल्ह्यातून बोलावलेला तो पहिला माणूस. पत्र सचिवांच्या नावाने आलं. काकाजी आनंदाने इतके गडबडले, की पत्र नीट राहावं म्हणून त्यांनी ते नियमांच्या पुस्तकात ठेवलं. मग मागाचं काम निघालं, सुताची गाठोडी आली, आणि पत्र आपण पाठवलं असं त्यांच्या डोक्यात बसलं. एका सामन्यात पंचाने नियम विचारला म्हणून पुस्तक उघडलं, तेव्हा पत्र सापडलं. चाचणी होऊन चार दिवस झाले होते.

"त्याच दिवशी तो आला, बाई. सायकलनं. मले म्हणे, काकाजी, नागपूरहून काही आलं का? लोक म्हणून राहिले का यंदा कोणाले तरी बोलावतील." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "पत्र माह्या खिशात होतं. मी म्हटलं, नाही आलं. दुसऱ्याले घेतलं असंल."

 टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता, एकाच मजकुराची तीन-तीन कार्डं. मी त्यावरून किती थट्टा केली होती त्यांची.

"ते पत्र कुठं आहे आता?"

त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेलं पाकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही करडीला गेलो.  गावाबाहेर खळ्यावर बैलांची जोडी धानावर गोल फिरत होती आणि मागे तो किपर चालत होता. तिशीला टेकलेला, रुंद हाताचा माणूस. त्याची बायको सुपाने धान वाऱ्यावर धरत होती. आम्हाला पाहून त्याने बैल थांबवले, हसला, "काकाजी! तुम्ही सोता आले? मी कार्ड टाकलं होतं नं. बाबा मोहाडीले गेले हायेत, मी एकटाच हावो. कसा सोडू सांगा?"

मला वाटलं, काकाजी आधी संघाचं बोलतील. तसं बोलले असते तर संघ मिळालाही असता. त्यांनी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"काय हाये हे?"

"तुह्यं पत्र. तुले द्याचं राहून गेलं माह्याकडून."

त्याने कागद उलगडला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. त्याने तो माझ्याकडे केला. "वाचा नं, बाई."

मी मराठीत करून वाचलं. त्याचं नाव, गावाचं नाव. यष्टिरक्षक म्हणून चाचणीसाठी बोलावण्यात येत आहे. अमुक तारखेला सकाळी नऊ वाजता मैदानावर हजर व्हावं, पांढरे कपडे घालून, स्वतःचे ग्लोव्ह्ज आणावेत.

"माह्याकडं ग्लोव्ह्ज नव्हते तवा," तो म्हणाला. "मांगून नेले असते कोनाचे." मग त्याने विचारलं, "वर्ष कोणतं म्हनलं?"

मी सांगितलं.

त्याची बायको सूप खाली ठेवून उभी राहिली होती. "म्हंजे बोलावलं होतं?" ती म्हणाली. "तुम्ही तं म्हनत होते का कोनी बोलावलंच नाई."

तो तिच्याशी बोलला नाही, काकाजींशी बोलला. आवाज चढवला नाही. "माहा बाप मले सात वर्सं म्हनून राहिला, तुले नागपुरात कोण विचारते? गावातले बी म्हनत. मले बी तसंच वाटाले लागलं, काकाजी. मी आयकून घेतलं सगळ्यायचं. सोडून देल्लं मी खेळणं." त्याने कागदाची घडी केली आणि परत दिली. "तुम्ही आता जा."

त्याने बैल हाकले. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. बैल दोन फेरे फिरले, आमच्यापुढून गेले, त्याने वर पाहिलं नाही.

भंडाऱ्याला आल्यावर काकाजींनी मला दोन कागद टाइप करायला लावले. एक नागपूरला. अमुक साली आपण पाठवलेलं पत्र माझ्या हलगर्जीमुळे खेळाडूला मिळालं नाही आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. दुसरा अध्यक्षांना, राजीनामा.

अध्यक्ष चिडून माझ्या खोलीत आले. "सात वर्षांनंतर कोणी विचारून राहिलं का तुम्हाले? आपल्याच हातानं जिल्ह्याचं नाव खराब करता! इकडं सहावा संघ नाही, उद्या मान्यता जाईल."

"जाईल तं माह्यामुळं जाईल," काकाजी म्हणाले. "म्हणून लिहिलं."

अध्यक्षांनी राजीनामा खिशात घातला. "आधी सहावा संघ आणा. मग तुम्हाले काढतो."

नागपूरचं उत्तर आठवड्याने आलं, चार ओळींचं. मजकुराची नोंद घेतली आहे. सचिवांबाबत जिल्हा समितीने ठरवावं. फॉर्म मुदतीत न आल्यास मान्यता रद्द समजावी. काकाजींनी ते वाचलं आणि पाणी मागितलं नाही. ते नुसते बसून राहिले. ते दिवस मला आठवतात, कारण मला त्यांची पळापळ हवी होती. ते पळत होते तोवर सगळं कुठेतरी जात आहे असं वाटायचं. आता मीच दर तासाला रस्त्याकडे बघत होते, दुसरं कोणतं गाव उभं राहील का ते आठवत होते. एकही आठवत नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाराला सायकल वाजली. करडीचा किपर दारात उभा होता. केसांत धानाचा भुसा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले फॉर्म.

"काकाजी कोठं हायेत?"

मी क्लासमधल्या मुलीला त्यांच्या घरी पिटाळलं. ते आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"बारा जनांची नावं हायेत," तो म्हणाला. "पन माही एक अट हाये. ते पत्र माह्या बापाले वाचून दाखवा. तुम्ही सोता. आजच."

 फॉर्म संध्याकाळच्या आत नागपूरच्या कचेरीत पोचायचे होते. इतकी वर्षं ते कागद काकाजी स्वतः घेऊन जात, साहेबांच्या हाती देत आणि पोच घेऊन येत. आज एकतर नागपूर, नाहीतर करडी.

"आधी करडीले येऊ म्हणतं का?" त्यांनी कसंबसं विचारलं. "मग देशील फारम?"

किपरने पुडकं टेबलावर ठेवलं. "फारम घ्या आधी. मी खोटं नाई बोलत, काकाजी. तुम्ही बी नोका बोलू."

अध्यक्षांना निरोप गेला, जीप आली. काकाजींनी सहाही संघांचे फॉर्म एका पाकिटात घातले, लाख लावली आणि पाकीट अध्यक्षांच्या हातात दिलं. सोडताना त्यांची बोटं क्षणभर पाकिटावर राहिली. मग किपर सायकलने करडीला निघाला आणि जीप गेली. त्या धुळीकडे ते इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं, आता हे मागे धावतील. पण ते वळले. "बाई, मराठीत टाइप करून द्या ते पत्र. ओळी मोकळ्या सोडून. आणि चला माह्यासंगं."

बसमध्ये मोहाडीपर्यंत त्यांनी मला पाच वेळा विचारलं, जीप बंद पडली तर? कचेरी लवकर बंद झाली तर? मोहाडीनंतर विचारायचं थांबवलं. मग ते त्या टाइप केलेल्या कागदावर ओठांनी वाचत राहिले, जणू परीक्षा होती.

किपरचा बाप अंगणात खाटेवर बसला होता. उन्हाने काळवंडलेला, दाट भुवयांचा म्हातारा. शेजारपाजारचे सात-आठ जण आले होते. किपरने बोलावले असावेत, किंवा हा सायकलवरून एवढ्या घाईने कुठे गेला होता ते कळावं म्हणून आले असावेत. काकाजींना कोणी बसा म्हटलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि उभ्याने वाचलं. आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसरीला सावरला. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे पत्र माह्याकडं आलं होतं. मी त्याले दिलं नाही. विसरलो होतो. मग त्यानं विचारलं तं मी खोटं बोललो. त्याच्यात त्याची काही चूक नव्हती."

 म्हाताऱ्याने हात पुढे केला, कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला. वाचता येत नव्हतं त्याला. "याचं नाव कोठं हाये याच्यात?"

काकाजींनी बोट ठेवून दाखवलं.

"आनखी येक खेप वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. म्हातारा ऐकताना मुलाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. वाचन संपल्यावर तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोचलं असतं तरी मी त्याले जाऊ देल्लं नसतं. चुरनी होती तवा. खळ्यावर कोण राह्यलं असतं?"

किपरने बापाकडे पाहिलं.  घरात गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. आधी काकाजींना दिला.

परतीच्या बसमध्ये काकाजी खिडकीशी बसले होते. मोहाडी गेल्यावर म्हणाले, "बाई, चाचणीची तारीख कोणती होती?"

मी सांगितली. दसऱ्याच्या आधीची होती.

"दसऱ्याच्या आधी चुरणी कोठून होते?"

"नसते होत, काकाजी."

दसऱ्याआधी धान बांधीत उभं असतं, हे करडीतल्या लहान पोरालाही ठाऊक. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकाजींनी तोंड बाहेर वळवलं आणि भंडारा येईपर्यंत तसेच बसून राहिले. जीपचं त्यांनी विचारलं नाही. जीप कचेरी बंद व्हायच्या जरा आधी पोचली होती, हे आम्हाला उतरल्यावर कळलं.

मान्यता राहिली. राजीनामा अध्यक्षांच्या टेबलात राहिला, कारण त्या खुर्चीत बसून तीन-तीन पत्रं पाठवायला दुसरा कोणी तयार नव्हता. काकाजी पुढे आणखी चार वर्षं सचिव होते.

त्या जानेवारीत भंडाऱ्याला आंतरजिल्हा सामना झाला. नागपूरहून दोन निवड करणारे आले होते. जिल्ह्याच्या संघात करडीचा किपर होता. मी स्कोअर लिहीत होते. त्याने दोन झेल घेतले आणि एकाला यष्टिचीत केलं, इतक्या सहज, की फलंदाज बराच वेळ आपल्याला काय झालं ते पंचाला विचारत राहिला. नागपूरच्या एका पाहुण्याने मान डोलावली, शेजाऱ्याला त्याचं वय विचारलं, उत्तर ऐकलं आणि वहीत दुसऱ्याचं नाव लिहिलं, नाकाडोंगरीच्या एका पोरसवदा गोलंदाजाचं.

किपरचा बाप आला होता. माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर काठी गुडघ्यात धरून बसला होता. खेळ त्याला कळत नव्हता. फक्त मुलगा खाली वाकला की हाही जरा वाकायचा. काकाजी मॅटिंगच्या खुंट्या तपासून आले तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना हाक मारली.

"काकाजी. बोलावतील का आता याले नागपूरले?"

मी पेन्सिल थांबवली. काकाजी काय म्हणतील ते मला माहीत होतं. बघू, लिहून विचारू, होईल काहीतरी. असंच ते सगळ्यांना सांगत आले होते.

"नाही जी," ते म्हणाले. "वय निघून गेलं त्याचं. माह्या हातानं गेलं. आता नाही बोलावणार."

 म्हाताऱ्याने काठी उचलून दुसऱ्या बाजूला घेतली आणि बाकावर जरा सरकला, त्यांना बसता येईल एवढा.